बाबांना सांग



या सदरात मी बहुधा पैशाविषयी लिहितो. मुदत ठेवींचे व्याज, वारसनोंद, मृत्युपत्र, भागीदारीतील रुसवेफुगवे हे माझे नेहमीचे विषय आणि आपली पत्रेही त्याच विषयांवर येतात. या खेपेचा विषय निराळा आहे. तो मी निवडला असे म्हणणे खरे होणार नाही. गेल्या वैशाखात एका विवाहसमारंभात तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

भोजन आटोपून आम्ही दोन-चार निवृत्त मंडळी मांडवाच्या कडेला बसलो होतो. चाळिशीच्या आसपासची एक स्त्री जवळ आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, आपण आमच्या गावच्या शाखेत होता ना? कर्जाच्या टेबलावर?" मी होय म्हणालो. "मी त्या मुक्या शिंप्याची मुलगी. बाबांचे नाव वेगळे होते, पण आपण सगळे त्यांना तेवढेच म्हणत होता."

मला तो शिंपी आठवला, आणि त्याच्या शेजारी उभी असलेली, निळ्या स्कर्टातली नऊ वर्षांची मुलगीही आठवली. साल १९९३. शिंप्याला मोटारीवर चालणारी दोन शिलाई यंत्रे घ्यायची होती. एका शाळेच्या गणवेशांचे काम त्याला मिळू घातले होते. तो आणि त्याची पत्नी दोघेही जन्मतः कर्णबधिर. मुलीला उत्तम ऐकू येत असे. बाप हातांनी बोले, मुलगी ते मला मराठीत सांगे, मी उत्तर देई आणि ती ते हातांनी बापाला सांगे. महिनाअखेर होती, टेबलासमोर आठ-दहा माणसे ताटकळत होती. मी दोन जामीनदार मागितले, ते नव्हते. तेव्हा मी म्हणालो, "बाबांना सांग, असे कर्ज मिळत नाही."

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. दुर्बल घटकांसाठी शेकडा ४ दराने कर्ज देण्याची विभेदक व्याजदराची योजना १९७२ पासून राष्ट्रीयीकृत बँकांत होती आणि स्वतःचा धंदा करणारी अपंग व्यक्ती तिला पात्र होती. तिचे परिपत्रक माझ्याच खणात होते. परंतु पात्रतेच्या अटी, उत्पन्नाचा दाखला, अर्जाचा नमुना हे सारे एका तिसरी-चौथीतल्या मुलीमार्फत समजावून सांगायचे म्हणजे अर्धा तास गेला असता. तो अर्धा तास मी वाचवला.

मुलीने माझ्याकडे पाहिले, मग बापाकडे पाहिले आणि हात हलवले. बाप हसला, मला हात जोडून निघून गेला. नकार किती समजूतदारपणे घेतला, असे मला त्या वेळी वाटल्याचे स्मरते. पुढच्या महिन्यात तो तीच कागदपत्रे घेऊन पुन्हा हजर! मी मुलीवरच चिडलो. "तुला मागेच सांगितले होते ना? बाबांना नीट सांगितले नाहीस का?" ती रडू लागली. बाप गोंधळून दोघांकडे पाहत राहिला.

मांडवाच्या कडेला बसून तिने मला उरलेली हकीकत सांगितली. पहिल्या दिवशी तिला "नाही" हा शब्द बापाला सांगवला नव्हता. तिने हातांनी सांगितले होते, "साहेब म्हणतात, पुढच्या महिन्यात या." त्या भरवशावर बापाने यंत्रांच्या व्यापाऱ्याला विसार दिला आणि शाळेचे कापड उचलले. मग माघार घेता येईना. गावातल्या एका खाजगी सावकाराकडून दरमहा शेकडा तीन रुपयांनी त्याने पैसे घेतले आणि ते फिटायला सहा वर्षे लागली. "काका, ते कर्ज माझ्या खोटेपणामुळे झाले असे मी वीस-बावीस वर्षे धरून चालले होते. बाबांना मी कधीच सांगितले नाही. ते गेले तेव्हाही ते माझ्या मनात होते. मागच्या काही वर्षांत झोप उडाली, छाती धडधडायची. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवले, तेव्हा पहिल्यांदा हे तोंडातून बाहेर पडले."

मी तिला म्हणालो की परिपत्रक माझ्या खणात होते. ती बराच वेळ काही बोलली नाही.

वाचकहो, त्या दिवसापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आहे. वाणिज्य शाखेच्या माणसाचा हा प्रांत नव्हे, तरी वाचलेले आपल्यापुढे ठेवतो; कारण आपल्या समाजातही कर्णबधिर मुलगे-मुली आहेत, त्यांचे विवाह होतात, त्यांना ऐकणारी मुले होतात आणि त्या मुलांच्या खांद्यावर आपण काय ठेवतो हे आपण फारसे पाहत नाही.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोषाची नोंद असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. यातले बरेचसे वार्धक्याने ऐकू न येणारे असतील. जे जन्मापासून किंवा बोलणे शिकण्याआधीपासून बधिर असतात, त्यांच्याविषयी एक गोष्ट जगभर दिसून येते : त्यांच्यातल्या दहापैकी नऊ किंवा त्याहूनही अधिक जणांचे आईबाप ऐकणारे असतात आणि त्यांच्या स्वतःच्या पोटी येणारी बहुतेक मुलेही ऐकणारीच असतात. म्हणजे कर्णबधिर माणसाची मागची पिढी ऐकणारी आणि पुढची पिढीही ऐकणारी. मधली एक पिढी तेवढी वेगळ्या भाषेत जगते. भाषा, संस्कार, पेढी या साऱ्या गोष्टी बापाकडून मुलाकडे जातात, असे आपण धरून चालतो. येथे तो धागा दोन ठिकाणी तुटतो.

पहिला धागा तुटतो तो बधिर मूल आणि त्याचे ऐकणारे आईबाप यांच्यामध्ये. याला कानाइतकेच शिक्षणाच्या इतिहासाचेही कारण आहे. १८८० साली इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने ठराव केला की मुलांना ओठ वाचायला व तोंडाने बोलायलाच शिकवावे, हातांच्या खुणा वर्गातून हद्दपार कराव्यात. ठराव करणाऱ्यांत स्वतः बधिर असलेले जवळजवळ कोणी नव्हते. त्याचा परिणाम शंभर वर्षे टिकला. आपल्याकडील शाळाही त्याच वळणाने गेल्या. वर्गात "आ", "ई", "प", "ब" घोटून घेत आणि मुले खरी भाषा शिकत ती वसतिगृहात, मास्तरांची पाठ वळल्यावर. पुढे १९६० साली विल्यम स्टोकी या अमेरिकन अध्यापकाने दाखवून दिले की हातांची भाषा ही खाणाखुणांची गोळाबेरीज नसून तिला स्वतःचे व्याकरण आहे. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परिषदेने कॅनडातील व्हँकूव्हरच्या अधिवेशनात खेद व्यक्त केला, तो २०१० साली! आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेचे केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ साली स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती २०१८ ची, ३,००० शब्दांची; २०२१ पर्यंत शब्दसंख्या १०,००० झाली.

भाषा उशिरा मिळाली की मनाचे काय होते, याचे उत्तर कोणत्याही मोठ्या घरातल्या रात्रीच्या जेवणात सापडते. बारा-पंधरा माणसांचे ताट एकदम लागले आहे. कोणी तरी मुंबईच्या मार्केटमधली गंमत सांगतो, सगळे हसतात. बधिर मुलगा शेजारच्या भावाला खुणेने विचारतो, काय झाले? भाऊ म्हणतो, "काही नाही, नंतर सांगतो." ते "नंतर" कधीच येत नाही. असे रोज, वीस वर्षे. घरात प्रेमाची उणीव नसते. चांगले कपडे, चांगले यंत्र, सगळे मिळते. पण आजोबांनी फाळणीनंतर धंदा कसा उभा केला, कोणत्या काकांशी का बोलणे नाही, दुकान या वर्षी अडचणीत का आहे, यातले त्याला काही ठाऊक नसते. त्याला गादीवर न बसवता मागे गोदामात माल मोजायला बसवतात. हिशेबात तो चोख असतो, पण गिऱ्हाईकाशी बोलणार कसा, हा प्रश्न एकदा विचारून कायमचा सोडून दिलेला असतो. बधिर व्यक्तींमध्ये उदासीनता व चिंताविकार यांचे प्रमाण ऐकणाऱ्यांहून अधिक असल्याचे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. त्याची कारणे शोधताना तज्ज्ञ वारंवार घराकडे येतात, घरात लहानपणी समजणारी भाषा होती की नव्हती या प्रश्नाकडे.

आणि उपचार घ्यावयाचे तर कोणत्या भाषेत? मनोविकाराचे निदान हे मुख्यतः बोलण्यावरून होते. अमेरिकेत ज्युनियस विल्सन नावाचा एक कृष्णवर्णीय बधिर तरुण होता. १९२५ साली एका आरोपावरून त्याला पकडले. कृष्णवर्णीय बधिर मुलांच्या शाळेत शिकलेल्या त्याच्या खुणा अधिकाऱ्यांना कळल्या नाहीत. त्याला वेडा ठरवून उत्तर कॅरोलायनातील मनोरुग्णालयात टाकले. पुढे आरोप मागे घेतला गेला, तरी तो संस्थेतच राहिला. २००१ साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा त्याला सरकारी संस्थेत ७६ वर्षे झाली होती. हे टोकाचे उदाहरण आहे हे मी जाणतो. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाला माहिती द्यायची ती त्याला समजणाऱ्या सोप्या भाषेत, सांकेतिक भाषेत किंवा चित्रांच्या साहाय्याने द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. कायदा चांगला आहे. पण दवाखान्यात सांकेतिक भाषेचा दुभाषी क्वचितच भेटतो आणि सरकारने मनाच्या तक्रारींसाठी दिलेला १४४१६ हा क्रमांक मुळात दूरध्वनीचा आहे. मग रुग्णासोबत कोण जाते? मुलगी जाते. आईच्या मनातले दुःख, मरावेसे वाटते हे शब्द, डॉक्टरांना तिने सांगायचे असतात. ते सांगताना ती प्रथमच ऐकत असते.

आता दुसरा धागा. बधिर आईबापांची ऐकणारी मुले जगभर आहेत आणि ती एक वेगळीच जात आहे, असे त्यांच्यातल्याच काहींच्या ध्यानात आले. १९८३ साली मिली ब्रदर या अमेरिकन बाईंनी अशा मुलांची संघटना काढली. 'चिल्ड्रेन ऑफ डेफ अ‍ॅडल्ट्स' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'कोडा' म्हणतात. पॉल प्रेस्टन हे स्वतः बधिर आईबापांचे पुत्र. त्यांनी अशा १५० प्रौढ मुलांच्या मुलाखती घेऊन १९९४ साली पुस्तक लिहिले. पुस्तकाचे नाव 'मदर फादर डेफ'. बधिरांच्या मेळाव्यात असा मुलगा गेला की तो आपली ओळख याच तीन खुणांनी करून देतो, आई-बाबा-बधिर. आणि त्याला लगेच आत घेतात. आपल्याकडे नवख्या माणसाला आधी कोणाचा, कुठला, गोत्र कोणते, हे विचारतात तसेच हे. कान पाहिले तर तो बाहेरचा, घर पाहिले तर आतला. ऐकणाऱ्यांच्या जगात मात्र त्याला अशी तीन खुणांची ओळख नाही. तेथे तो शिक्षक-पालक सभेत स्वतःच्याच तक्रारी स्वतःच्या बापाला सांगत उभा असतो (आणि, एका गृहस्थांनी मला हसत सांगितले, थोड्या सौम्य करून सांगत असतो).

अशा मुलांतली काही नावे आपण ऐकलेली असतील. मूकपटांच्या काळातला विख्यात नट लॉन चेनी याचे आईबाप दोघेही बधिर होते. चेहऱ्याने आणि हातांनी बोलणे तो घरीच शिकला. लुईस फ्लेचर या अभिनेत्रीला १९७६ साली ऑस्कर मिळाले, तेही एका मनोरुग्णालयातील कठोर परिचारिकेच्या भूमिकेसाठी. मंचावरून आभार मानताना तिने शेवटचे शब्द हातांनी उच्चारले, कारण ते आईबापांसाठी होते. आणि टेलिफोनचा शोध लावणारा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल! त्याच्या आईला ऐकू येत नसे. घरात चाललेले बोलणे तो तिच्याजवळ बसून बोटांच्या खुणांनी तिला सांगत असे. त्याची पत्नी मेबल हीही लहानपणीच्या तापाने बधिर झालेली. तरीही याच बेलने १८८३ साली निबंध वाचला की बधिरांनी आपसांत विवाह केले तर बधिरांची वेगळी जातच निर्माण होईल, आणि शाळांतून खुणांची भाषा काढून टाकण्याच्या बाजूने त्याने आपले सारे वजन खर्च केले. आईवर त्याची माया नव्हती असे कोण म्हणेल? मला वाटते, त्याला आई सर्वांसारखी व्हायला हवी होती. बधिर घरांतील मुलांच्या मनात ही इच्छा फार खोल असते आणि तिची लाजही तितकीच खोल असते.

हिंदी चित्रपटाने हा विषय आपल्याआधी ओळखला होता. गुलजारांचा 'कोशिश' १९७२ चा. संजीवकुमार आणि जया भादुरी यांनी केलेले मूकबधिर जोडपे आपल्या पिढीला विसरता येणार नाही. पण त्यातला शेवटचा भाग पुष्कळांच्या लक्षात नसतो : त्यांचा ऐकणारा, शिकलेला मुलगा एका बधिर मुलीचे स्थळ नाकारतो आणि बाप खवळतो. बापाला तो नकार त्या मुलीला दिलेला वाटत नाही. स्वतःला, गेलेल्या पत्नीला दिलेला वाटतो. १९९६ च्या 'खामोशी'त गोव्यातील बधिर जोडप्याची मुलगी गाणे शिकते, आणि तिचे सर्वांत मोठे सुख आईबापांपर्यंत पोचू शकत नाही. २०२२ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा 'कोडा' तर आपल्या वाचकांनी धंद्याच्या दृष्टीने पाहावा. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एक मच्छीमार कुटुंब. आई, बाप, भाऊ बधिर, एकटी मुलगी ऐकणारी. बिनतारी संदेश तिने ऐकायचे, भाव तिने ठरवायचे. तिला संगीत शिकायला जायचे आहे. ती गेली तर धंदा बसतो. व्यवसाय वेगळा असला तरी "तू गेलास तर दुकान कोण पाहणार?" हे वाक्य आपल्या घरांना अनोळखी नाही.

येथे मी एक गैरसमज दूर करू इच्छितो, कारण माझाही तो झाला होता. आईबाप बधिर असणे हेच मुलाला अपाय करते, असे मुळीच नाही. दोन भाषांत वाढलेली ही मुले बहुधा चुणचुणीत असतात, माणसांचे चेहरे चटकन वाचतात. हातांची भाषा आधी शिकल्याने त्यांचे बोलणे बिघडते ही भीतीही निराधार आहे; शेजारी, आजी-आजोबा, शाळा यांच्या कानावर पडणाऱ्या बोलण्यातून ती मराठी, गुजराती, हिंदी सारे शिकतात. आईला पाणी हवे आहे हे वाण्याला सांगण्याने कोणाचे बालपण हरवत नाही. ओझे होते ते बँकेत, कोर्टात, दवाखान्यात, जिथे मोठ्यांनी करावयाचे काम मुलावर पडते आणि चुकीचे उत्तरदायित्वही त्याच्याच माथी येते. साक्षीच्या बाबतीत कायद्याने ही काळजी घेतली आहे : बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातच होते, आणि २०१३ च्या दुरुस्तीने त्यासाठी दुभाष्याचे साहाय्य घेणे व साक्षीचे चित्रीकरण करणे न्यायालयावर बंधनकारक झाले. माझ्या टेबलावर नऊ वर्षांच्या मुलीला मी जे करायला लावले, ते न्यायाधीशाने केले असते तर चालले नसते. कराराच्या कायद्याचे म्हणाल तर तो वय आणि शुद्ध बुद्धी पाहतो, कान पाहत नाही. शिंपी पूर्णपणे सक्षम कर्जदार होता.

आता आपल्या घरांतली गोष्ट, जिच्यासाठी हा लेख मी विशेषकरून लिहीत आहे. एकत्र कुटुंबात बधिर मुलाचे लग्न बधिर मुलीशी झाले, वर्षा-दोन वर्षांत गोंडस, ऐकणारे बाळ आले की घरात आनंदीआनंद होतो. "देवाने कान दिले!" मग हळूहळू बाळ आजीच्या खोलीत झोपू लागते. रात्री रडले तर आईला कळणार कसे, हे त्यामागचे कारण, आणि ते खोटे नाही. (रडण्याच्या आवाजावर दिवा लावणारे किंवा उशीखाली कंप देणारे यंत्र मिळते, ही माहिती घरात कोणाला नसते.) शाळेचा अर्ज काका भरतात, सभेला काकू जातात. मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की त्याला उमगते, या घरात काही हवे असेल तर आईबापांना विचारून उपयोग नाही, आजीला विचारावे. ते खुणा शिकतच नाही, किंवा "इकडे ये", "जेव" एवढ्याच शिकते. पंधराव्या वर्षी त्याचे स्वतःच्या आईशी दहा शब्दांपलीकडे बोलणे नसते. हे सारे मायेने घडते, म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. मला माहीत असलेल्या एका घरात अशी आई तीन महिने अंथरुणाला खिळून होती. तपासण्या सगळ्या झाल्या, शरीरात काही सापडले नाही. तिला काय होते आहे हे विचारायला घरातले सगळे तिच्या मुलाला पुढे करत आणि त्या मुलाला तिची भाषा येत नव्हती.

अशा घरांनी काय करावे, हे सांगण्याचा माझा अधिकार तोकडा आहे. तरी इतके वाटते की मूल आईच्या कुशीतच झोपावे आणि आजीने त्या खोलीत दिवा लावणारे यंत्र बसवून घ्यावे. शाळेत आईबापांनीच जावे, दुभाषी घेऊन. दुभाषी मिळाला नाही तर काकांनी बाजूला बसून सांगावे, मुलाने नव्हे. लिहून दाखवले की झाले, असे पुष्कळांना वाटते. पण लेखी मराठी ही बऱ्याच बधिरांची दुसरी भाषा असते. कर्जाच्या करारातली वाक्ये आपल्यालाही दोनदा वाचावी लागतात, हे विसरू नये. सर्वांत मोठे काम म्हणजे घरातल्या ऐकणाऱ्यांनी हातांची भाषा शिकणे. दिल्लीच्या केंद्राचा शब्दकोश महाजालावर विनामूल्य पाहता येतो, प्रत्येक शब्दाची चित्रफीत आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तेथे मार्गदर्शन मिळते. मी सत्तरीकडे झुकलेला माणूस, बोटे वाकत नाहीत, तरी चार महिन्यांत शंभरेक खुणा मला येऊ लागल्या आहेत. पहिली शिकलो ती "थांबा, घाई नाही".

त्या स्त्रीने मला जाता जाता एक गोष्ट विचारली, ती अजून मनातून जात नाही. "काका, तुम्ही त्या दिवशी मला विचारले होते, बाबांना नीट सांगितले नाहीस का. पण बाबा काय म्हणत होते ते तुम्ही कधी विचारले नाही. पहिल्या दिवशी, निघताना, ते काय म्हणाले माहीत आहे?" मी नाही म्हणालो. "ते म्हणाले होते, साहेबांना सांग, पहिला शर्ट मी त्यांचा शिवीन. मी तुम्हाला ते सांगितले नाही. सांगितले असते तर खोटे उघडे पडले असते."

मी तिचा पत्ता लिहून घेतला आहे. तिची आई अजून आहे, मुलीकडेच असते. येत्या महिन्यात मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्या मातोश्रींना जे सांगायचे ते मुलीला मध्ये न घालता सांगता यावे, म्हणून रोज सकाळी अर्धा तास चित्रफिती पाहतो आहे. "कर्ज" आणि "चूक" या दोन खुणा आल्या. "क्षमा" ही खूण माझ्या हाताला अजून नीट बसत नाही.